मापाऱ्याच्या पायाशी पाणी

दरेकसाचा बोगदा यायचा तेव्हा डब्यातला शेंगदाणेवाला मराठीत भाव सांगत आत शिरायचा आणि उजेडात बाहेर पडला की तोच माणूस हिंदीत ओरडायचा. अलीकडे आमचा भंडारा जिल्हा, धानाच्या बांध्या, तळी. पलीकडे डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. मीही शेंगदाणेवाल्यासारखाच. बोगदा संपला की हिंदी सुरू. तोडकीमोडकी का असेना, पण मान ताठ करून बोलायचो आणि स्वतःला मोठा शहाणा समजायचो. वाटायचं, झालो आपण भिलाईवाले. तोंड तेवढं झालं होतं. हात अजून गावातच होते, आणि ते मला कळायच्या आधी भाऊजींना भोगावं लागलं. ही त्याचीच गोष्ट आहे. यात माझं काही चांगलं दिसत नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. थोरली बहीण, तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, नवऱ्याबरोबर दोन वर्षं आधीच भिलाईला गेली होती. कारखाना उभा राहत होता तेव्हाची भिलाई म्हणजे नुसती लाल माती, क्रेन, पाईप आणि देशभरातून आलेली माणसं. भाऊजी एका ठेकेदाराच्या फौंड्रीत होते. फौंड्री म्हणजे जिथं लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात ती जागा. साच्यात रस ओतणारे जे चार जण होते त्यातले एक भाऊजी. धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक, आणि चिडणं ठाऊकच नाही. मला तर राग नाकावर. आमच्या दोघांचं कसं जमायचं याचं मायला नवल वाटायचं.

त्यांचं घर पॉवर हाउस नावाच्या भागात, बाजारामागे मजुरांच्या कॅम्पात होतं. पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. पण बाईला विचारा. सासर आमच्याच गावात, पण तिथं तिला विहिरीवरून पाणी आणताना सुद्धा डोक्यावरचा पदर ढळू द्यायची सोय नव्हती. इथं ती उघड्या डोक्यानं नळावर उभी राहायची, तेलुगू, बंगाली, पंजाबी बायांशी हिंदीत भांडायची आणि आपला नंबर सोडायची नाही. पॉवर हाउसच्या बाजारात भाजीवाल्याला घाम फोडायची. थोरल्या पोरीला तिनं स्वतः नेऊन शाळेत घातलं होतं. शाळा पत्र्याचीच, पण पोरगी पाटी घेऊन जायची आणि बाई दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत पाहायची. मला म्हणाली होती, इथं आल्यावर मले पहिल्यांदा वाटलं का मी पण कोणी हावो. मी हसलो होतो. त्या वयात मला कशाचंही हसू यायचं.

मला भाऊजींनीच आणलं. ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं, माझा साळा आहे, मेहनती आहे, मी जबाबदार. गाडीत बसवायला माय आमगावच्या स्टेशनपर्यंत आली होती. तिनं जावयाला एवढंच सांगितलं, पोरगा तुमच्या हवाली. भाऊजी म्हणाले, माय, त्याच्या अंगाले ओरखडा नाही येऊ देत. माय रडली. मला लाजच वाटली, एवढ्या घोड्याएवढ्या पोरासाठी स्टेशनवर काय रडायचं.

पहिले आठ दिवस मी बाहेरच होतो. कोळशाच्या टोपल्या, वाळूच्या टोपल्या, पाण्याचे पिंप. आत नवी भट्टी बांधून होत आली होती आणि एक मोठा साचा जमिनीत खड्डा करून तयार होत होता. त्या साच्याला दोन दिवस आत निखारे ठेवून शेकलं. कावून शेकतात, ते मी कोणाला विचारलं नाही. मला वाटलं, असेल काही पद्धत. विचारलं तर गावंढळ ठरू, ही भीती मला भट्टीपेक्षा जास्त होती.

नवव्या दिवशी भट्टीचा पहिला रस निघणार होता. आदल्या दिवशी मिस्त्रीनं मला सांगितलं, सुबह जल्दी आकर अंदर झाडू मार देना. मिस्त्री पंजाबकडचा, पन्नाशीचा, एका डोळ्याची पापणी भाजून गेलेली. तो सांगेल ते फौंड्रीत होई. मी खुश. आत जायला मिळणार, तेही पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी.

आता आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. धान मळून झालं की खळ्यात रास लागते. पहिलं माप भरायच्या आधी आमच्याकडे राशीभोवती लोट्यानं पाण्याची धार धरत तीन फेरे मारतात. लोट्यात जे पाणी उरेल ते मापारी जिथं उभा राहून माप भरणार तिथं, त्याच्या पायाशी ओततात. म्हणजे त्याच्या हाताला बरकत येते. हे काम घरच्या धाकट्या मुलाचं. म्हणजे माझं. दहाव्या वर्षापासून मी ते करत आलो होतो, डोळे मिटून करू शकत होतो.

त्या सकाळी मी आत झाडू मारला. उन्हाची तिरीप पत्र्याच्या फटीतून येत होती. मध्ये तो साचा, त्याच्याभोवती काळी वाळू सारखी केलेली, आणि वर तोंडावर पत्रा झाकलेला. मला खरंच सांगतो, ती रासच दिसली. वर्षाचं पहिलं माप. आणि मापारी कोण, तर माझे भाऊजी. तोंडाच्या डाव्या हाताला ते उभे राहणार हे मला ठाऊक होतं, आठ दिवस त्यांना तिथं दांडा धरून सराव करताना मी दारातून पाहिलं होतं.

मी पिंपातून बादली भरली, लोटा घेतला. तीन फेरे धरले. मग वाटलं, लोट्यातलं उरलेलं पाणी ते काय, एवढ्या मोठ्या राशीला पुरेल कसं. म्हणून बादलीतलं अर्धं पाणी डाव्या हाताला, भाऊजींच्या जागेवर ओतलं. वाळूनं ते गटागटा पिऊन टाकलं. थोडा चिखल झाला तर त्यावर कोरडी वाळू आणून पसरली, भाऊजींचे पाय घसरू नयेत म्हणून. छान सारखी केली. हात जोडले. कोणाला सांगितलं नाही, कारण अशी गोष्ट सांगत नसतात.

तासाभरानं सगळे आले. कोणी नारळ फोडला, कोणी भट्टीला हळद लावली. भट्टी घुमायला लागली, तिचा आवाज छातीत ऐकू यायचा. मिस्त्री खालच्या भोकातून डोकावून पाहत होता. मग त्यानं लांब दांड्याची पळी आत घालून पेलाभर रस घेतला आणि नव्या माणसांना बाहेर बोलावलं. आम्ही पाच जण होतो. दारापासून लांब एक ओलं पोतं पसरलेलं होतं. आम्हाला भिंतीआड उभं केलं आणि त्यानं दांडा लांब धरून पळी पोत्यावर उलटी केली.

बार झाला. तो आवाज मी अजून कधीकधी ऐकतो. लाल थेंब पत्र्याच्या भिंतीवर वाजले, एकानं तर भिंतीला भोकच पाडलं. मिस्त्री पुसलेल्या हातानं मिशी सारखी करत म्हणाला, "देख लिया? पानी नीचे, लोहा ऊपर, तो पानी ऐसे भागता है. यह प्याला भर था. अंदर दो टन है. साँचे के पास पसीना भी मत टपकाना."

बाकीचे चार जण हसले, घाबरल्यावर हसतात तसे. मला माझी बादली आठवली. आत वळून पाहिलं तर भाऊजी आपल्या जागेवर जाऊन उभे होते. बूट नेमके मी सारख्या केलेल्या वाळूवर. मला बघून त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे कसं वाटून राहिलं.

पुढची पाच-सात मिनिटं मी काय केलं? काहीच नाही. मी उभा राहिलो. आधी वाटलं, सुकलं असेल. मग वाटलं, रस साच्यात जाणार, बाहेर कशाला सांडेल. शेजारच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, साचा भरला का वरून उतू जातोच, थोडा जातो, त्याच बाजूला जातो. कोणत्या बाजूला, ते त्यानं बोट करून दाखवलं. मी मनात म्हणालो, आता बोल. आणि दुसरं मन म्हणालं, बोललास की संपलास. उद्याच्या गाडीनं आमगाव, आणि गावातले सगळे दात काढणार, गेला होता मोठा भिलाईले. माझ्या भाऊजींच्या पायाखाली मरण होतं आणि मी माझं हसं होईल याची काळजी करत होतो. आज मला त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटतात.

भट्टीचं तोंड फोडलं. पांढरा रस धार धरून लेडलमध्ये पडायला लागला. लेडल म्हणजे साखळीला टांगलेली जाड लोखंडी बादली, माणसाच्या छातीएवढी उंच. ती भरली. साखळी कुरकुरली. चार जण दांडे धरून तिला हळूहळू साच्याकडे आणायला लागले आणि डावीकडच्या दांड्याला भाऊजी. रस एकदा निघाला की थांबत नसतो, थंड झाला तर सगळंच वाया, म्हणून कोणी बोलत नव्हतं. मिस्त्री हातानंच खुणा करत होता.

लेडल साच्यापासून दोन हातांवर आली आणि मी धावलो. मागून भाऊजींचा सदरा धरला.

"भाऊजी, तिथं पाणी आहे. तुमच्या पायाखाली. म्या टाकलं."

त्यांनी मान वळवून एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग पुढं तोंड करून त्या बारीक आवाजात म्हणाले, "रोको. नीचे गीला है."

मिस्त्री हुशार माणूस. त्यानं कावून, कसं, काही विचारलं नाही. लेडल मागे घ्यायला लावली, पलीकडच्या कोरड्या चरात सगळा रस ओतून टाकायला लावला. दोन टन लोखंड, पहिल्या दिवसाचं, चरात गोठून राखाडी झालं. तेव्हा कुठं तो सळई घेऊन आला आणि डाव्या बाजूची वाळू उकरली. चार बोटांखाली वाळू काळी आणि ओली. त्यानं मूठभर घेतली, पिळली, हातावरून पाणी ओघळलं.

मग विचारलं, तुला कसं कळलं. भाऊजींना विचारलं. मी त्यांच्या मागेच होतो. माझं तोंड उघडत होतं, शपथ घेऊन सांगतो, उघडत होतं. पण भाऊजी आधी बोलले.

"मैंने डाला, उस्ताद. सबेरे. हमारे तरफ पूजा में डालते हैं."

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला नसावा, असं मला नंतर वाटायला लागलं. पण तेव्हा तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो.

"नया आदमी होता तो दो थप्पड़ मारता और काम पर लगा देता. नए को क्या मालूम. तू दो साल से रस डाल रहा है. तू जानता है. निकल जा यहाँ से."

झालं. नव्या माणसाला दोन थपडा. नवा माणूस तिथं उभा होता. चार पावलांवर. आता तर भीतीचं कारणही उरलं नव्हतं, त्यानं स्वतःच सांगितलं होतं की नव्याला सोडून देईन. एक वाक्य बोलायचं होतं मला. गाल पुढं करायचा होता. मी खाली बघितलं. भाऊजींनी हातमोजे काढले, दांड्यावर नीट ठेवले आणि बाहेर पडले. मी टोपली उचलली आणि वाळू भरायला लागलो. दिवसभर भरत होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते कॅम्पाच्या वाटेवर माझी वाट पाहत उभे होते. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, मला वाटलं जुना माणूस म्हणून मिस्त्री मला रागावून सोडून देईल, अन् तुले मात्र काढून टाकेल. उलटंच झालं. असं म्हणून थोडं हसले सुद्धा. मग म्हणाले, बाईले नको सांगू. तुझ्या मायले म्या शब्द देल्ला होता. मी विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, भिलाईत ठेकेदार का कमी आहेत.

ठेकेदार पुष्कळ होते. पण साच्याजवळ पाणी टाकणारा माणूस, ही बातमी सगळीकडे त्यांच्या आधीच जाऊन बसली होती. पंधरा-वीस दिवस ते फिरले. मी रोज कामावर जायचो आणि ते रोज काम शोधायला जायचे, आणि बाई दोघांना सारख्या भाकरी बांधून द्यायची. नवऱ्यावर ती फार चिडली होती. फौंड्रीत कोणी खळं काढते का म्हणायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, तू तरी शिकून घे रे बापा, ह्यांच्यासारखा नको करू. मी मान डोलवायचो. मग गावाहून निरोप आला की धान कापणीला आलं आहे आणि भाऊजींच्या बापाची तब्येत बरी नाही. भाऊजी म्हणाले, चला.

मी पॉवर हाउसच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. थोरल्या पोरीनं पाटी छातीशी धरली होती, कोणालाच हात लावू देत नव्हती. शाळेच्या बाईंना सांगायचं राहिलं म्हणून ती रडत होती. धाकटी कडेवर. बाई उघड्या डोक्यानं उभी होती, नळावर उभी राहायची तशीच. गाडी फलाटाला लागली. बाईनं डब्याच्या दांडीला हात घातला, मग थांबली, हात सोडला आणि डोक्यावरून पदर घेतला. बोगदा अजून किती लांब होता. भिलाईतच घेतला तिनं. मी तोंड फिरवून तिकिटाच्या खिडकीकडे पाहत राहिलो.

नंतर माझं चांगलं झालं. ते सांगायला जीभ अडखळते, पण झालं. साच्याचं काम शिकलो. वाळूवर नुसता तळहात ठेवून ओल सांगू लागलो, मिस्त्री मला दुसऱ्यांना दाखवायचा. चार वर्षांत कारखान्यात कायम लागलो, लग्न झालं, कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळालं. भिलाईत लोक मला भंडारावाला म्हणत आणि गावात गेलो की भिलाईवाला. वर्षातून एकदा जायचो. पांढरा सदरा, बूट, मनगटाला घड्याळ. पारावर बसलो की माणसं भोवती जमायची आणि भट्टीच्या गोष्टी विचारायची.

आणि भाऊजींना गावात नाव पडलं होतं पाणीवाला. भट्टीत सडा टाकाले गेला अन् हाकलला, असं सांगून पोट्टेसोट्टे सुद्धा हसत. ते बांधावरून जात असले की कोणीतरी ओरडायचं, पाणीवाले, आमच्या बांधीत सोडा जरा. ते हात वर करून निघून जायचे. एकदा पारावर कोणीतरी माझ्या देखत हा विनोद केला आणि मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो. भाऊजी समोरून येत होते. त्यांनी मला हसताना पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी स्वतःला सांगायचो की त्यांनीच सांगितलं ना, बाईला सांगू नको म्हणून. मी त्यांचाच शब्द पाळतो आहे. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

क्वार्टर मिळालं तेव्हा बायको म्हणाली, बाईंना बोलवा. आले सगळे. भाऊजींनी खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं आणलं होतं, त्यांच्या बांधीतलं. बाई स्टेशनवर उतरली ती पदर डोक्यावर घेऊन, आणि क्वार्टरपर्यंत तशीच चालत आली. थोरली पोरगी दहाची झाली होती. गावात मुलींना चौथीनंतर कोण शिकवतो, तिची शाळा सुटायलाच आली होती. मी त्यांना नळ दाखवला, घरातला. बाईनं तो उघडला, बंद केला, परत उघडला. पाण्याखाली हात धरून उभी राहिली.

मग म्हणाली, नवं घर, नवे तांदूळ, रीत तर झाली पाहिजे. खोलीच्या मधोमध चादर अंथरून पोतं ओतलं. पांढरी रास झाली. शेजारच्या दोन बाया बघायला आल्या होत्या, एक बंगाली, एक छत्तीसगढी. बाईनं लोटा भरला आणि त्यांना हिंदीत हसत हसत सांगायला लागली की हमारे ये है ना, इन्होंने भट्टी में भी ऐसाच पानी डाला था, नौकरी गई. तिची हिंदी अजून तशीच खणखणीत होती. बाया हसल्या. भाऊजीही हसले, सवयीनं. बाईनं लोटा माझ्यापुढे धरला. "घे, तू धाकटा. फेरे धर."

मी हात पुढं केला आणि माझा हात वळेना. फरशीवर पाणी पडणार या विचारानंच माझी बोटं आखडली. लोटा हातात घेण्याऐवजी मी खाली बसलो आणि राशीशेजारच्या फरशीवर तळहात टेकवला, कोरडी आहे का पाहायला. चार वर्षांची सवय. भाऊजींनी ते पाहिलं. त्या खोलीत मी काय करतो आहे हे एकट्या त्यांना कळलं, आणि ते पटकन म्हणाले, राहू दे, म्या धरतो. परत माझ्या आधी. परत तेच.

मला इतका राग आला. त्यांचा नाही, माझाच, पण बोललो मी ओरडल्यासारखं. शेजारणी दारातून निघून गेल्या, पोरी बाहेर अंगणात खेळत होत्या.

"बाई, त्यांनी नाही टाकलं. फौंड्रीतलं पाणी म्या टाकलं होतं."

बाई लोटा धरून उभी. आधी नवऱ्याकडे पाहिलं. ते पोत्याची सुतळी गुंडाळत बसले, तेवढ्यावरून तिला समजलं. माझी बायको चुलीपाशी होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. बाई ओरडली नाही. तिचा आवाज एवढा सपाट मी कधी ऐकला नव्हता.

"हे घरी येऊन सांगत होते का मिस्त्री म्हणाला, नवा माणूस असता तं थपडा मारून ठेवून घेतला असता. तवा तू कुठं होता?"

"तिथंच होतो."

"किती दूर?"

मी इथून दरवाज्यापर्यंत हात केला. तिनं ते अंतर पाहिलं. आधी दरवाज्याकडे, मग माझ्या पायांकडे. भाऊजी म्हणाले, अवं, जाऊ दे, पोट्टा होता. ती त्यांना म्हणाली, तुम्ही गप बसा, तुमच्याशी मी गाडीत बोलतो.

मग तिनं स्वतःच राशीभोवती तीन फेरे धरले. लोट्यात उरलेलं पाणी घेऊन ती माझ्यासमोर आली, क्षणभर थांबली, आणि पुढं जाऊन भाऊजींच्या पायाशी ओतलं. लोटा उपडा घालून ठेवला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, दोन्ही पोरी आजपासून इथं राहतीन. शाळेत मी नाही येत, तू नेऊन घालजो. तुझी लेकरं होतीन तवा होतीन, आधी या शिकतीन. विचारत नव्हती ती. माझ्या बायकोनं चुलीपुढून उठून कोपऱ्यातली पेटी सरकवली आणि पोरींच्या अंथरुणाची जागा केली. मी तिचे ते उपकार अजून विसरलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं दोघं परत गेले. स्टेशनवर बाई माझ्याशी बोलली नाही. पोरींचे केस सारखे केले, पुन्हा सारखे केले. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरींना सकाळी दूध द्यायचं आठवणीनं सांगितलं. गाडी हलली तेव्हा बाई खिडकीत होती, पदर डोक्यावर, आणि नजर पोरींवर. मी या खेपेला तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलं नाही.

परत येताना धाकटीला कडेवर घेतलं. थोरली माझं बोट धरून चालत होती. बाजार ओलांडला तेव्हा तिनं विचारलं, "मामा, इथल्या शाळेत पण आमाले पाणीवाल्याच्या पोरी म्हणतीन का?"

मी रस्त्याच्या कडेला थांबलो. सायकली, रिक्षा, कामावरून सुटलेली माणसं, सगळी बाजूनं जात होती. त्यातले निम्मे मला ओळखत होते.

"नाही म्हणणार," मी म्हणालो. "अन् कोणी म्हणलंच तं सांगजो, पाणीवाला आमचा बाप नाही. पाणीवाला आमचा मामा होय."